हातात उरलं ते

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली गावं अर्धी रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीचं पोतं, हंडे, तवा, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली पोरं असा संसार पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात आहे. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला इथं ‘कोयता’ म्हणतात. माणूस एकटाच असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम म्हणजे उचल, आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने रानात कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहायचं.

उसाच्या फडातला दिवस अंधारातच सुरू होतो. बाई आधी उठते, चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापून फडक्यात बांधते आणि उजाडायच्या आत तोडीला लागते. ऊस बुडातून छाटायचा, पाचट सोलायचं, वाढं वेगळं करायचं, मोळी आवळायची. मग ती मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढायचं आणि गाडी भरायची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. एक दिवस चुकला की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

२०१९ मध्ये बीडचं नाव देशभर गाजलं ते याच बायकांमुळं. अंगावरचं दुखणं आणि खाडा दोन्ही कायमचं मिटावं म्हणून अनेकींनी गर्भाशयच काढून टाकलं होतं, किंवा त्यांना तसं करायला सांगितलं गेलं होतं. राज्य सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

सकारात्मक दृष्टिकोनावरचं प्रकरण मी मुद्दाम इथून सुरू करतो आहे. या विषयावरची बहुतेक व्याख्यानं पोट भरलेल्या माणसांनी पोट भरलेल्या माणसांसाठी दिलेली असतात. ‘अडचण ही संधी असते’ हे वाक्य फडातल्या बाईसमोर उच्चारून बघावं, म्हणजे त्याची किंमत कळते. खाड्याचा दंड, फडावर नसलेलं शौचालय, चार पैशांसाठी शस्त्रक्रिया सुचवणारा डॉक्टर, यांवर उपाय कायद्याचा आणि संघटनेचा आहे. तो बाईच्या मनावर ढकलणं हा अन्याय आहे, आणि एवढं मान्य केल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही.

पण दुसरी बाजूही बीडमध्येच दिसते. याच कोप्यांमधून शिक्षक निघाले, पोलीस निघाले, फौजदार निघाले, डॉक्टर निघाले. याच उन्हात वाढलेली दोन भावंडं असतात आणि एक जण मोडतो, दुसरा उभा राहतो. हे कसं होतं? या प्रश्नाचा जगभर गाजलेला अभ्यासही उसाच्याच मुलखात झाला, हा योगायोग फारसा कुणाला ठाऊक नाही.

प्रशांत महासागरात हवाई बेटांमध्ये कवाई नावाचं बेट आहे. १९५५ साली तिथले बहुसंख्य लोक उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांत राबणारे होते. जपान, फिलिपीन्स वगैरे ठिकाणांहून मजुरीसाठी आलेल्यांची ही लेकरं-नातवंडं. त्या वर्षी बेटावर जन्मलेल्या ६९८ बाळांची नोंद घेऊन एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचा माग धरला. मुलं एक वर्षाची, दोन वर्षांची, दहा, अठरा, बत्तीस आणि चाळीस वर्षांची झाली तेव्हा त्यांना गाठलं. यांतल्या साधारण एक-तृतीयांश मुलांच्या वाट्याला कठीण सुरुवात आली होती : गरिबी, जन्मावेळचा त्रास, घरातलं दारूचं व्यसन, भांडणं, आईचा मानसिक आजार. एक नव्हे, चार-चार गोष्टी एकाच वेळी. अशा मुलांचं वाटोळं होणार हे गृहीतच होतं. पण त्यांतलं दर तिनांतलं एक मूल, मोजून ७२ जण, काम करणारी, प्रेम करणारी, विश्वासू माणसं झाली.

वर्नरबाईंना या मुलांमध्ये काय सापडलं? थोडा वाटा स्वभावाचा होता. ती मुलं लहानपणापासून लोकांना आवडणारी, कामात मदत मागायला न लाजणारी होती. पण सगळ्यांत ठळक दिसला तो एक माणूस. आई-बाप पुरे पडत नसताना त्या मुलाच्या मागं ठामपणे उभं राहिलेलं कुणीतरी एक : आजी, मावशी, शेजारीण, शिक्षिका. शिवाय त्यांतल्या पुष्कळांवर घरात काही ना काही जबाबदारी होती. धाकट्यांना सांभाळणं, स्वयंपाक, घर चालवायला हातभार. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव त्यांना लहानपणीच आलेली होती.

बीडमधल्या वाचकाला यातलं काही नवीन वाटणार नाही. आई-बाप तोडीला गेले की गावात उरते ती आजी. थकलेली, डोळ्यांनी कमी दिसणारी, तरी चार नातवंडांना भाकरी करून शाळेत पाठवणारी. सरकारची हंगामी वसतिगृहं आली, त्यात मुलांच्या जेवणाची सोय झाली, तरी रात्री निजायला पोरं आजीकडंच. ‘ज्याची आजी खमकी, त्याची शाळा सुटत नाही’ अशा अर्थाचं बोलणं या भागात सहज कानावर पडतं. कवाईच्या अहवालांमध्ये तेच आकड्यांनिशी मांडलेलं आहे.

त्या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. अठराव्या वर्षी वाया गेलेली म्हणून नोंदलेली मुलंही तिशी-चाळिशीत मोठ्या प्रमाणावर सावरलेली आढळली. कुणी पुन्हा कॉलेजात जाऊन शिकलं, कुणाला समंजस जोडीदार मिळाला, कुणाला श्रद्धेचा आधार मिळाला, आणि पुष्कळ जण सैन्यात भरती झाल्यावर सावरले. दार दुसऱ्यांदा उघडलं आणि ते आत गेले. निवडीची वेळ येते ती इथं. दार उघडणं आपल्या हातात नसतं. उघडलेल्या दारातून आत जाणं पुष्कळदा असतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे हे या दाराचं आपल्याकडचं उदाहरण. जन्म १३ सप्टेंबर १९९४चा. आई-वडील शेती करणारे, वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर आणि तिथं जायला गाडी नाही, म्हणून पोरगं सहाव्या वर्षापासून चालत-पळत जायचं. हे वाचून लोक म्हणतात, ‘बघा, तेव्हापासूनच तयारी चालली होती.’ मला हे म्हणणं पटत नाही. तेव्हा कसलीही तयारी चालली नव्हती. शाळा लांब होती आणि वेळेवर पोचायचं होतं, इतकंच. त्या अंतरावर कंटाळून शाळा सोडणारी मुलं त्याच गावांमध्ये होती, आणि त्यांचा स्वभाव वाईट होता असंही नाही.

बारावी झाल्यावर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम. हाडं गोठवणारी थंडी आणि कातडी भाजणारं ऊन दोन्ही पाहून झाल्यावर २०१५च्या सुमारास तो सैन्यातल्या क्रॉसकंट्री शर्यतींमध्ये उतरला. म्हणजे वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी, जेव्हा इतर देशांचे धावपटू दहा-दहा वर्षं शास्त्रशुद्ध सराव करून बसलेले असतात. मध्ये वजन वाढलं होतं, ते तीन महिन्यांत २० किलोच्या आसपास उतरवलं, असं त्याच्याविषयीच्या बातम्यांमध्ये आलेलं आहे. २०१७ मध्ये सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं.

ही शर्यत ३,००० मीटरची. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळा म्हणजे ९१.४ सेंटीमीटर उंचीचा जाड लाकडी ओंडका. ११० किंवा ४०० मीटरच्या हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पडतो. हा पडत नाही, माणूस पडतो. पाण्याच्या उडीला ओंडक्यामागं ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो, ओंडक्याशी खोल आणि पुढं उथळ होत गेलेला. जितकी लांब उडी, तितकं कमी पाणी. धावपटू ओंडक्यावर एक पाय रोवतो, अंग पुढं झोकतो, एक पाय पाण्यात पडतो आणि ओल्या बुटानं पुढची पावलं टाकायची. हे सातदा. सगळ्यात मोठा धोका समोरच्या धावपटूचा, कारण घोळक्यात ओंडका ऐन वेळी दिसतो.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेनं ८ मिनिटं २९.८० सेकंदांत ही शर्यत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या वर्षी तो दोहाच्या जागतिक स्पर्धेत धावला. प्राथमिक फेरीत पुढच्या धावपटूंच्या गुंत्यात तो दोनदा अडकला. वेग गेला, लय गेली, मौल्यवान सेकंद गेले. अशा वेळी धावपटू हात झटकून थांबतात आणि त्यांना कुणी नावंही ठेवत नाही. साबळे धावत राहिला. सातवा आला, अंतिम फेरी हुकली, पण वेळ होती ८ मिनिटं २५.२३ सेकंद, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम. मग भारतीय संघानं रीतसर हरकत नोंदवली, पंचांनी चित्रफीत पाहिली, त्याला अडथळा झाल्याचं मान्य केलं आणि अंतिम फेरीत घेतलं. तिथं त्यानं ८ मिनिटं २१.३७ सेकंदांत धावून पुन्हा विक्रम केला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. या शर्यतीत १९५२च्या हेलसिंकीतल्या गुलजारा सिंगांनंतर ऑलिंपिकला पात्र ठरलेला तो पहिला भारतीय.

या प्रसंगात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत आणि व्याख्यानांमध्ये त्यांतली एकच सांगितली जाते. धडपडल्यावरही तो थांबला नाही, ही पहिली. दुसरी अशी की संघानं तक्रार केली. ‘जाऊ दे, नशिबात नव्हतं, सकारात्मक राहू’ असं म्हणून कुणी गप्प बसलं नाही. झालेला अन्याय नियमांनुसार मांडला, दाद मागितली आणि मिळवली. अडचणीला हसतमुखानं सामोरं जाणं म्हणजे सगळं निमूट सोसणं असा अर्थ आपल्याकडं फार लवकर काढला जातो, खास करून गरिबांच्या आणि बायकांच्या बाबतीत. धावत राहणं आणि दाद मागणं ही दोन्ही एकाच दृष्टिकोनाची कामं आहेत.

पुढची वर्षं सरळ रेषेत गेली नाहीत. टोकियोत त्याची वेळ अंतिम फेरी हुकलेल्या सगळ्यांमध्ये सर्वांत चांगली होती, तरी तो बाहेर राहिला. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जागतिक स्पर्धेत अकरावा आला, तेही स्वतःच्या नेहमीच्या वेळेपेक्षा खूप मागं पडून. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा होती. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली होती. ६ ऑगस्टला साबळे केनियाच्या तिघांबरोबर धावला आणि ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. सुवर्णपदक ०.०५ सेकंदानं हुकलं. २०२३ मध्ये बुडापेस्टला तो प्राथमिक फेरीतच गारद झाला आणि दीड महिन्यात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्याआधी महिनाभर, जुलै २०२४ मध्ये, पॅरिसलाच त्यानं ८ मिनिटं ९.९१ सेकंदांची वेळ दिली होती. भुवनेश्वरपासून इथपर्यंत सहा वर्षं आणि जवळजवळ २० सेकंद.

मोठी यादी मी अशासाठी दिली की यातली निम्मी नोंद अपयशाची आहे. पदकांचे फोटो छापताना ती गाळली जाते आणि मग वाचकाला वाटतं, आपल्यालाच एवढ्या ठेचा लागतात.

अपयशानंतर माणूस स्वतःशी काय बोलतो, यावर मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं बरंच काम केलं आहे. त्याचं सार आपल्या शेतकऱ्याच्या तोंडच्या दोन वाक्यांमध्ये सांगता येतं. ‘यंदा पाऊस फिरकला नाही, कापूस गेला’ हे एक वाक्य. ‘आमच्या नशिबातच काही नाही, मी हात लावेन तिथं मातीच होते’ हे दुसरं. नुकसान दोघांचं सारखंच. पहिल्यानं ते यंदापुरतं आणि कापसापुरतं ठेवलं. दुसऱ्यानं ते कायमचं केलं, सगळ्या आयुष्यावर पसरवलं आणि दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेतला. दुसऱ्या बोलण्याची सवय लागलेली माणसं लवकर हात टाकतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलं. चांगली बातमी अशी की बोलण्याची ही सवय मोडता येते. त्यासाठी स्वतःला खोटं काही सांगावं लागत नाही. जे खरं आहे तेवढंच, त्याच्या मापात सांगायचं असतं. कापूस गेला, हे खरं. सगळं गेलं, हे खरं नाही.

याच सेलिगमनची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९६७ मध्ये त्यानं आणि स्टीव्हन मायर यानं कुत्र्यांवर प्रयोग केले होते. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के काही केल्या थांबवता आले नव्हते, त्यांतली बरीच नंतर सुटायची वाट समोर असतानाही उठली नाहीत. यावरून त्यांनी मांडलं की असहायता शिकली जाते. पुढं मायर मेंदूच्या अभ्यासाकडं वळला, आणि जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, दोघांनी मिळून आपलाच सिद्धान्त उलटा केला. दीर्घकाळ त्रास झाला की निपचित पडणं ही शरीराची उपजत प्रतिक्रियाच असते, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे की परिस्थितीवर आपला थोडाफार ताबा चालतो. तो अनुभव एकदा आला की मेंदूचा पुढचा भाग ही उपजत मरगळ आवरू शकतो.

सलग तिसऱ्या वर्षी पीक गेल्यावर बाजेवर पडून राहिलेल्या माणसाला आपण आळशी म्हणतो, मनानं कमकुवत म्हणतो. या संशोधनाच्या उजेडात ते चूक ठरतं. त्याला उपदेश दिल्यानं तो उठत नाही. एखादी छोटी गोष्ट त्याच्या हातून होऊ द्यावी लागते.

मराठवाड्याला हे मानसशास्त्राच्या आधी कळलं होतं. १९७२च्या दुष्काळाची आठवण सांगणारे म्हातारे तेव्हा खाल्लेल्या सुकडीबद्दल, लाल मिलोबद्दल सांगतात, आणि तितक्याच तपशिलानं दुष्काळी कामांबद्दल सांगतात : खडी कुठं फोडली, पाझर तलावाची माती कुणी वाहिली, कुठला रस्ता आपल्या हातांनी केला. लोकांची मागणी भिकेची नव्हती, कामाची होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या पिढीच्या बोलण्यात दुष्काळ भीषण असतो, पण त्या आठवणीत माणसं कुठंतरी काही करत असतात.

आजच्या बीडमध्येही असं हातात उरलेलं ओळखणारे शेतकरी आहेत. बालाघाटच्या मुरमाड डोंगरउतारावर पूर्वीपासून आपोआप वाढणारं सीताफळ कुणाच्या हिशेबात नव्हतं. कमी पाण्यात, हलक्या जमिनीत येणारं हे झाड लोकांनी मनावर घेतलं आणि २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. काहींनी तुती लावून रेशीम किडे पाळायला घेतले, कारण उसापेक्षा पाणी कितीतरी कमी आणि वर्षातून अनेकदा पैसा हातात. बीडमध्ये कोषांची बाजारपेठही उभी राहिली. पाऊस वाढला नाही. जमीन तीच राहिली. माणसानं प्रश्न बदलला : ‘पाणी का नाही?’ याच्या जोडीला ‘आहे एवढ्या पाण्यात काय येईल?’ हाही प्रश्न विचारला.

नुसत्या सुखस्वप्नांचा उपयोग किती, हेही तपासून पाहिलेलं आहे. गॅब्रिएल ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या २५ स्त्रियांना विचारलं, आपण बारीक झाल्यावरची चित्रं तुम्ही किती गोड रंगवता? ज्या फार गोड रंगवत होत्या, त्यांचं वजन वर्षभरानं इतरांपेक्षा कमी उतरलेलं होतं. ‘आपल्याला हे जमेल’ असा अनुभवावर बेतलेला विश्वास असलेल्यांचं मात्र जास्त उतरलं. ओटिंगन यांचं पुढचं सगळं काम यावर उभं आहे की हवी ती गोष्ट मनात आणावी, लगेच तिच्या आड काय येतं तेही मनात आणावं, आणि ते आड आलं तर मी काय करीन हे आधी ठरवावं. परीक्षेत पहिला आल्याचं स्वप्न बघण्यापेक्षा ‘रात्री आठला वीज गेली तर शेजारच्या दुकानाच्या उजेडात बसेन’ हे ठरवलेलं पोरगं पुढं जातं. सियाचीनहून आलेल्या जवानाचे २० किलो स्वप्नानं उतरले नसणार, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

आता पुन्हा कवाईच्या त्या एका माणसाकडं येऊ, कारण माझ्या मते या विषयाचं मूळ तिथं आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथं दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी शांतिवन उभं केलं. ऊसतोड कामगारांची, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं तिथं राहतात, शिकतात. गेवराईला संतोष गर्जे यांचं बालग्राम आहे. ते स्वतः ऊसतोड कामगाराच्या घरातले. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मानवलोक सुरू केलं, आणि शैला लोहिया यांनी मनस्विनी महिला प्रकल्पाच्या कामातून टाकलेल्या, एकट्या पडलेल्या बायकांना उभं राहायला जागा दिली. या संस्थांमधलं मूल ‘मी शिकणार’ म्हणतं तेव्हा ते त्याचं स्वतःचं ठरवणं असतं यात शंका नाही. पण ते ठरवता यावं म्हणून आधी कुणीतरी त्याच्या ताटात भाकरी आणि डोक्यावर छप्पर ठेवलेलं असतं. दृष्टिकोन निवडायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे असं म्हणताना त्या स्वातंत्र्याला पायाखाली थोडी जमीन लागते, हे विसरून चालत नाही.

व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव अशा प्रकरणात नेहमी येतं. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून वाचले. आई-वडील, भाऊ, पत्नी वाचले नाहीत. सगळं हिरावलं गेलं तरी परिस्थितीकडं कसं पाहायचं हे ठरवणं माणसाकडं उरतं, असं त्यांनी १९४६च्या पुस्तकात लिहिलं, आणि तो अधिकार त्यांनी फार मोठी किंमत देऊन मिळवला होता. त्यांचं नाव घेणारे एक गोष्ट मात्र गाळतात. जे वाचले त्यांत नशिबाचा वाटा मोठा होता आणि सर्वांत चांगली माणसं परत आली नाहीत, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मेलेल्यांचा दृष्टिकोन कमी पडला, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याबद्दल बोलताना आपणही तो काढू नये.

काही वेळा मन इतकं खचतं की निवड करणारा भागच आजारी पडतो. झोप उडते, जेवण जात नाही, जनावराकडं लक्ष राहत नाही, आवडीच्या माणसाशी बोलावंसं वाटत नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. याला नैराश्य म्हणतात आणि तो मधुमेहासारखाच उपचार लागणारा आजार आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन अशी लक्षणं विचारायची आणि माणसाला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवायचं, अशी रचना केली. गावातल्या आशाताईला सगळ्यांची घरं माहीत असतात. बाप बोलत नसेल, भाऊ दोरी-औषधाची भाषा करत असेल, तर लाज न बाळगता तिला गाठावं.

साबळेची पुढची हकिकतही सांगायला हवी. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तीस वर्षांच्या धावपटूसाठी हे लहान संकट नव्हतं. तो परत कोणत्या वेळेत धावेल, हे तेव्हा कुणीच सांगू शकत नव्हतं. गुडघ्याचे व्यायाम रोज करणं एवढंच त्याच्या हातात होतं, आणि त्याला डॉक्टर, फिजिओ, सैन्य, घर यांची साथ होती.

वाचकहो, तुमच्या ओळखीत कुणी अडचणीत असेल तर ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून फोन ठेवू नका. त्याच्या घरी जा, अर्धा तास ऐका आणि त्याचं एखादं काम अंगावर घ्या : बँकेतली खेप, पोराची फी, दवाखान्याची रांग. तुम्ही साखर कारखान्याच्या परिसरात राहत असाल, तर हंगामात फडावरची किती मुलं जवळच्या शाळेत येतात, हे मुख्याध्यापकांना जाऊन विचारा. येत नसतील तर आणायला मदत करा. आणि खचलेले तुम्ही स्वतः असाल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लिहून ठेवा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.